घाऊक बाजारात एक खुंटी

मार्केट यार्ड म्हटलं की आपल्या पिढीला आधी आठवतं ते ट्रॅफिक. वखार महामंडळाच्या चौकात आडवा घुसलेला टेम्पो, हॉर्न वाजवून दमलेला रिक्षावाला आणि काचा बंद असूनही आत येणारा कांद्याचा वास. एफसी रोडवरच्या कॉफीचे सतरा प्रकार तोंडपाठ असणाऱ्यांपैकी किती जणांनी गुलटेकडीच्या या बाजारात उतरून पाहिलंय? हात वर करा! वाटलंच होतं.

पुण्याची बाजार समिती १९५७ सालची. धान्याचा व्यापार पूर्वी नाना-भवानी पेठेत चालायचा, तो पुढे इथे आला. फळं, पालेभाज्या, फुलं, भुसार, प्रत्येकाची वेगळी दुनिया. इथला हिशेब पोत्याचा आणि क्रेटचा. आमच्या घरी मे महिन्यात वर्षाचा गहू भरायची पद्धत अजून आहे, त्यामुळे माझी तिथली फेरी चुकत नाही. यंदा मात्र गव्हाच्या जोडीला आणखी एक काम होतं : गाडीच्या एसीची जाळी.

गाडी बाबांची, २००८ ची. बाबा आता नाहीत, गाडी आहे. २०२३ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण केलं. याची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून थेट पाच हजार झाली, त्यामुळे तेव्हाच घरात ‘काढून टाक’ आणि ‘राहू दे’ असे दोन पक्ष पडले होते. आता २०२८ पर्यंत चिंता नाही. पण यंदाच्या उन्हाळ्यात डाव्या बाजूच्या व्हेंटची पाती माना टाकून बसली. गार हवा सगळी गुडघ्यांवर, आणि शेजारच्या सीटवर बसलेली आई घामाने निथळलेली. ‘काढून टाक’ पक्षाला आयता मुद्दा मिळाला. एक्स्चेंजवाल्या एजंटचे फोन दिवसाआड सुरू झाले.

सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, ‘मॅडम, सुटं पातं येत नाही. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. आणि या मॉडेलची असेंब्ली आता येत नाही.’ म्हणजे बघा, काचेच्या शोरूममधला हा कारभार घाऊक निघाला. किरकोळ दुरुस्ती मिळाली ती घाऊक बाजाराच्या दारात!

यार्डात मालाचे टेम्पो दिवसरात्र येतात, त्यामुळे आजूबाजूच्या गल्ल्यांत पंक्चरवाले, बॅटरीवाले, कुशनवाले दाटीने बसलेत. त्यातल्याच एका इलेक्ट्रिशियनकडे गव्हाच्या दुकानदाराने धाडलं. मिस्त्रींनी जाळीत टॉर्च मारला आणि म्हणाले, ‘ताई, जाळी चांगली आहे. खुंट्या गेल्यात.’

आता हे खुंटी प्रकरण समजून घ्या, कारण जवळपास प्रत्येक जुन्या गाडीत हेच होतं. व्हेंटच्या प्रत्येक पात्याच्या दोन टोकांना काडेपेटीच्या काडीहून बारीक खुंट्या असतात. त्यांच्यावर ते फिरतं. सगळी पाती एकदम वळावीत म्हणून मागे एक चिमुकली पट्टी त्यांना जोडते. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो. वर्षानुवर्षं हे चाललं की प्लॅस्टिक ठिसूळ होतं. त्यात हल्ली पात्यांनाच मोबाइलचा होल्डर अडकवायची फॅशन. हवा वळवायला बनवलेल्या पात्यावर फोनचं ओझं, वर प्रत्येक खड्ड्याचा हिसका. पुण्यात खड्डे किती, हे मी सांगायला नको.

मिस्त्रींनी आधी गाडी दहा मिनिटं उन्हात लावायला सांगितली. ऊब लागली की क्लिपा लवचिक होतात, थंड प्लॅस्टिक उचकटलं की तुटतंच. मग कडेला मास्किंग टेप चिकटवली, प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने जाळी हळूच बाहेर घेतली. सुट्या भागांचे फोटो मला काढायला लावले. ‘बसवताना भांडण नको.’

सेफ्टी पिनचा सरळ तुकडा कापला, सोल्डरिंगच्या इस्त्रीने तापवला आणि मोडक्या खुंटीच्या जागी पात्यात रोवला. मग फेव्हिक्विकचा एक थेंब, आणि त्यावर हवा होता खायचा सोडा. त्या डिंकावर सोडा पडला की तो क्षणात दगडासारखा घट्ट होतो, मग कानशीने घासता येतो. (धूर निघतो, तोंड लांब ठेवा.) सोडा संपला होता. मी भुसार विभागात पळाले. दुकानदाराने वर न बघता विचारलं, ‘किती गोण्या?’ ‘एक चिमूट,’ मी म्हटलं. त्याने चष्म्यावरून नीट पाहून घेतलं, कागदाची पुडी बांधली आणि पैसे घेतले नाहीत.

मागची जोडपट्टी हरवलेलीच होती. मिस्त्रींनी जुनं एटीएम कार्ड मागितलं. माझ्या पर्समध्ये निघालं आधीच्या कंपनीचं आयडी कार्ड. त्याची बारीक पट्टी कापून तापल्या सुईने भोकं पाडली. माझ्या फोटोतला डावा कान आता व्हेंटच्या मागे कायमस्वरूपी नोकरीला आहे. पाती आपोआप खाली पडू नयेत म्हणून कडेला सायकलच्या ट्यूबचे दोन कपटे. झालं!

हे वाळेपर्यंत हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मध्ये जेवलो. १९७४ पासून चाललेलं हे केंद्र हमालांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून सुरू झालं, पण पंगतीला कुणीही बसावं. आई झुणका खाताना म्हणाली, ‘तुझे बाबा दरवर्षी इथेच जेवायचे आणि घरी येऊन भूक नाही म्हणायचे.’ मला हे माहीतच नव्हतं.

बिल झालं दीडशे रुपये. एजंटचा फोन तिथेच आला. त्याला सांगितलं, ‘२०२८ मध्ये बोलू.’

जायचं असेल तर शनिवार टाळा, फळं-भाजीपाल्याला सुट्टी असते. रविवारी आवक भरपूर, पण गर्दीही तेवढीच. गाडी न्यायचीच असेल तर सकाळी लवकर.

परतताना मागे गव्हाची पोती, पुढे आई. मी एसी फुल्ल केला. आईने पाती दोनदा वरखाली करून पाहिली आणि सगळी हवा मांडीवरच्या कोथिंबिरीच्या जुडीकडे वळवली. ‘उन्हाने मलूल होते गं.’ पुढच्या फेरीला ग्लोव्ह बॉक्सचं झाकण दाखवायचंय. मिस्त्रींनी बजावलंय, नवीन काही विकत आणू नका, आधी मोडकं घेऊन या.