आम्ही गाडी शिकलो

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला २०१५ साली एक गाडी तयार होऊ लागली. अबार्थ पुंटो. नाकावर विंचवाचे चिन्ह, इंजिन १४५ अश्वशक्तीचे आणि गिअर पाच, तेही हाताने टाकायचे. नऊ सेकंदांच्या आत शंभरचा वेग गाठणारी! आम्ही त्या वेळी तिथल्याच एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला होतो. ट्रेलरवरून गाड्या जाताना पाहायचो. आमची मजल मात्र सायकलपुरती.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री दोनला दौंडहून फोन आला. आईला दम लागला होता. वडील रेल्वेत होते, त्यामुळे आई अजून तिथल्याच घरी राहते. शेजाऱ्यांनी तिला रिक्षाने दवाखान्यात नेले. इकडे आम्ही शिरूरला दारात उभे. एसटी सकाळी, आणि भाड्याची गाडी यायला दीड तास. आई वाचली. पण तो दीड तास आम्ही विसरलो नाही.

मेव्हण्याची जुनी व्हॅन मिळाली. शिकवायला आमचीच लेक, कारण घरात लायसन्स तिच्याकडेच. शिकाऊ परवाना काढला, पुढे-मागे लाल 'एल' चिकटवला आणि पन्नाशीत लेकीच्या शाळेत बसलो.

आमचे सगळे घोडे क्लचपाशी अडले. क्लच दाबला की इंजिनाची नि चाकांची फारकत, सोडला की पुन्हा जोड. एकदम सोडला, तर थांबलेल्या चाकांचा भार इंजिनाला झेपत नाही आणि गाडी आचका देऊन बंद पडते. (हे सांगायला सोपे आहे, पायाला कळायला पंधरा दिवस लागतात.)

न्हावऱ्याहून पारगावकडे जाताना एका चढावर गाडी बंद पडली. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. त्याने हॉर्न सुरू केला नि आमचे हातपाय गळाले. गाडी मागे सरकू लागली.

"बाबा, हँडब्रेक ओढा आधी. त्याला वाजवू द्या. आता पहिला गिअर, क्लच हळू सोडा... आवाज बसका झाला ना? नाक उचललं ना? पाय तिथंच धरा. थोडी रेस द्या. सोडा हँडब्रेक."

गाडी पुढे गेली! लहानपणी तिला सायकलवर आम्ही असेच ओरडायचो, फक्त तेव्हा आमचा आवाज एवढा शांत नसायचा.

महिना पूर्ण झाल्यावर परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास.

गेल्या महिन्यात आईला तपासणीसाठी आम्हीच घेऊन आलो. पाटस, चौफुला, पारगाव. त्याच चढावर गाडी पुन्हा बंद पडली. आईला कळले नाही. शेजारच्या सीटवर ती झोपली होती.