ऐकणाऱ्याचा वाटा

मांजरसुंब्याला नाट्यगृह नाही, सभागृह नाही, संगीत मंडळ नाही. आहे तो फाटा. धुळे-सोलापूर महामार्ग घाट चढून बालाघाटावर येतो आणि इथं त्याला केज-अंबाजोगाईकडून पाटोदा-जामखेडकडे जाणारी वाट मिळते. रात्री उशिरापर्यंत हॉटेलांचे दिवे चालू असतात, कढईत दूध आटत असतं, ट्रॅव्हल्स थांबतात, लोक पाय मोकळे करतात, रबडी खातात आणि पुढे जातात. गाण्याच्या नादी लागलेल्या माणसाला ही जागा फार सोयीची. उत्तरेला बीड आणि पुढे छत्रपती संभाजीनगर, दक्षिणेला तुळजापूर, पूर्वेला अंबाजोगाई, पश्चिमेला पुणं. दुकानाचं शटर ओढलं की समोरच गाडी. 2025 सालात या चारही दिशांना जाऊन जे ऐकलं, त्यातलं काय मनात घर करून राहिलं ते लिहावंसं वाटतं.

आवडीनिवडीसाठी मी एकच कसोटी लावतो. मी त्या मैफलीला गेलो नसतो तर तिचं काही अडलं असतं का? गाणारा थोर की लहान, साथीला कोण, आवाज कसा लागला, हे सगळं त्यानंतर. गाणं चालू असताना ऐकणाऱ्याच्या अंगावर काही काम पडतं की नाही, यावर माझी पसंती ठरते. उन्हाळ्यात एका शहरात मोठ्या मैदानावर फिल्मी गाण्यांचा झगमगीत कार्यक्रम ऐकला. गळा उत्तम होता, वाजवणारे तयारीचे होते. पण मागचा अर्धा वाद्यमेळ आधीच मुद्रित केलेला, आणि गाणारा त्या मुद्रणाच्या लयीला बांधलेला. लोक उसळले काय नि पेंगले काय, एक मात्रा इकडची तिकडं होणार नव्हती. त्या रात्रीबद्दल इतकंच.

डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला गेलो. बीडहून अहिल्यानगरला 17 सप्टेंबरला रेल्वे सुरू झाली; आमच्या जिल्ह्याच्या कित्येक पिढ्या तिची वाट बघत गेल्या. पण तिचा मार्ग आष्टीकडून आहे, फाट्याला तिचा उपयोग नाही. म्हणून नेहमीची एसटी, पाटोदा, जामखेड, अहिल्यानगर करत. भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ 1953 साली हा उत्सव सुरू केला. मुकुंदनगरच्या मैदानात हजारो माणसं बसलेली असतात, आणि तिथं माझी कसोटी डळमळेल असं कुणालाही वाटेल. एवढ्या गर्दीत एका माणसाच्या असण्या-नसण्यानं काय होतं? मला तिथं त्याचं उत्तर मिळालं. दुपारच्या सत्रात एका तरुण गायिकेनं मुलतानी घेतला. तिसऱ्या प्रहरानंतरचा, ऊन कलतानाचा राग. कोमल गंधार तीव्र मध्यमाच्या आधारानं झुलवत ती बराच वेळ मंद्रातच राहिली. मांडवातली कुजबुज, पिशव्यांची खसखस हळूहळू थांबत गेली. तिला ते जाणवलं असणार, कारण मग तिनं आलापातल्या जागा आणखी मोकळ्या सोडल्या. एका स्वरावर थांबून ती जवळजवळ पूर्ण गप्प झाली आणि नुसते तानपुरे उरले. ती शांतता तिच्या एकटीच्या हातात नव्हती. ती हजारो जणांनी धरून ठेवली होती, आणि त्यातला कुणीही एक जण फोन वाजवून ती मोडू शकला असता. षड्जावर ती आली तेव्हा सगळ्या मैदानातून एकच ‘अहा’ निघाला. पुण्याचे जाणकार दाद देण्यात कंजूष असतात असं आमच्याकडं म्हणतात. ते खरं नाही. ते दाद राखून ठेवतात, म्हणून ती पोचते.

एका गोष्टीची मात्र हळहळ वाटते. हा उत्सव एके काळी रात्रभर चाले. मराठवाड्यातून, कर्नाटकातून आलेली माणसं घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसत आणि भैरवी ऐकूनच उठत. ध्वनिवर्धकाच्या वेळेचे नियम आले आणि मोठ्या मैफली दहाच्या, फार तर बाराच्या आत संपू लागल्या. नियमामागचं कारण मला पटतं. दवाखान्यात पडलेल्या माणसाला झोप हवीच. पण त्यामुळं उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग आपल्या वेळेला ऐकणं दुर्मीळ झालं. खास पहाटेची मैफल कुणी ठेवली तरच.

पूर्वेच्या रस्त्यानं गेलं की अंबाजोगाई. तिथं नोव्हेंबरच्या अखेरीस यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतीप्रीत्यर्थ समारोह होतो. शास्त्रीय गायन, कविसंमेलन आणि शेतकरी परिषद एकाच समारोहात. सकाळी सोयाबीनच्या भावावर बोललेला माणूस रात्री ख्याल ऐकायला येऊन बसतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण यंदा अंबाजोगाईनं मला जे दिलं ते एका घरगुती बैठकीत. याच तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पखवाजाचे मोठे वादक. त्यांचा हात वारकरी भजनात घडला आणि 1986 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी तोच पखवाज देशभरच्या व्यासपीठांवर नेला. त्यामुळं या भागात पखवाज ऐकणारे कान गावोगाव आहेत. त्या बैठकीत एक पोरगेलासा वादक एकल वादनाला बसला होता. वाजवण्याआधी त्यानं परातीतली कणीक पाण्याचा हात लावून मळली, तिची चपटी टिकली केली आणि डाव्या तोंडावर थापून अंगठ्यानं कडा दाबत नेल्या. एकदा ठोकून बघितलं, चिमूटभर काढली, पुन्हा ठोकलं. आवाज मनासारखा खोल गेल्यावर मग त्यानं मान वर केली. चौताल सुरू झाला. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक माळकरी बसले होते. ‘चौताल’ हे नाव त्यांच्या तोंडी कधी आलं असेल असं वाटत नाही. पण त्यांचा हात गुडघ्यावर बारा मात्रा बिनचूक धरत होता, टाळीला टाळी, खालीला खाली. लांबलचक परण सुरू झाली तेव्हा वादकानं डोळे त्यांच्या हातावर लावले. यजमानाकडं नाही, तबल्यातल्या जाणकाराकडंही नाही. समेला दोघांचे हात एकदम पडले आणि आजोबा म्हणाले, ‘‘बास! जमलं बग.’’ त्या पोराला याहून मोठी पावती त्या रात्री मिळाली नाही.

सप्टेंबरात पावसानं आमच्या जिल्ह्याला झोडपून काढलं. सिंदफणेच्या काठच्या शिवारात कापूस, सोयाबीन पाण्याखाली गेलं, कुठं कुठं मातीसुद्धा वाहून गेली. त्या भागातल्या एका नातेवाइकांनी आश्विनात नेहमीचा गोंधळ घालायचा की नाही यावर घरात बराच खल केला आणि शेवटी घातला. थाट काहीच नव्हता. चौक भरला, घट मांडला, दोन गोंधळी, एक संबळ, एक तुणतुणं. संबळ कमरेला बांधलेलं, एका हातात वाकडी काठी, दुसऱ्यात सरळ. गोंधळात दिवटी पेटती ठेवायला वरून तेल घालावं लागतं आणि ते घरच्यांनी घालायचं असतं. घरधनी उभा राहून तेल घालत होता आणि गोंधळी देवीला एकेका ठिकाणाहून हाक मारून बोलवत होता. प्रत्येक हाकेला आम्ही ‘उदो’ म्हणायचं. पहिल्यांदा तो ‘उदो’ दबका निघाला. घरात धान्य भिजल्याचा वास होता, कुणाला आवाज चढवावासा वाटत नव्हता. गोंधळी थांबला, संबळाची लय त्यानं चढवली आणि तीच हाक पुन्हा घातली. आमचा आवाज मोकळा होईपर्यंत तो पुढच्या देवस्थानाकडं गेलाच नाही. जमलेल्यांकडून गाणं असं काढून घेणं मी फार थोड्या कलावंतांच्या ठायी बघितलं आहे.

कार्तिकी पौर्णिमेला, 5 नोव्हेंबरला, कपिलधारची यात्रा झाली. कपिलधार फाट्यापासून अगदी जवळ, बालाघाटाच्या कुशीतल्या दरीत. वरून कड्याचं पाणी पडतं आणि तिथंच ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी आहे. लातूर, नांदेड, परभणी, शिवाय कर्नाटक आणि तेलंगणातून वीरशैव भक्तांच्या दिंड्या पायी येतात. पंढरीच्या वाटेवर जे टाळ-मृदंग, तेच इथं, फक्त ओठावर शिवनाम आणि कपाळाला विभूती. यात्रेच्या आदल्या रात्री मी दरीत उतरलो तेव्हा जागोजाग भजनं रंगलेली होती आणि एका दिंडीचा आवाज दुसऱ्या दिंडीत मिसळत होता. मैफलीच्या हिशेबानं हा गोंगाटच. पण थोडं थांबलं की कान आपली जागा शोधतो. एका कंदिलाभोवती पंधरा-वीस माणसं होती, निम्मी आपापसात कन्नड बोलणारी. गाणारा मराठी अभंग गात होता. त्यांना शब्द येत नव्हते, पण ध्रुवपदाची चाल एका फेरीत त्यांच्या गळ्यात बसली आणि तिसऱ्या फेरीला तर गाणाऱ्यानं ध्रुवपद त्यांच्यावरच सोडून दिलं. माझ्या हातात कुणीतरी टाळ दिला. ज्यानं दिला त्याला मी कोण, कुठला, कुठल्या जातीचा, काही विचारायचं नव्हतं. रिकामा हात दिसला, टाळ दिला. यंदाच्या पावसानं धार अजून टिकून होती आणि भजन विलंबितात उतरलं की पाण्याचा आवाज वर यायचा. कुणी ते फोनमध्ये मुद्रित करून घेत होतं. मला नाही वाटत त्यात काही उतरलं असेल.

सगळ्यांत वर मी ठेवतो तो चैत्रातला सप्ताह. आमच्या परिसरातल्या एका वाडीवरचा, हनुमान जयंतीला सांगता होणारा. या बाजूला कीर्तनाची परंपरा जुनी आणि कसदार आहे. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांच्याबरोबर असलेल्या शिष्यांत बंकटस्वामी होते, आणि त्यांचं संस्थान इथून जवळ नेकनूरला आहे. त्यामुळं वाडी लहान असली तरी चाल कच्ची लागली की मागच्या रांगेतली माणसं माना हलवतात.

सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. पहाऱ्यांची यादी फळ्यावर खडूनं लिहिलेली असते आणि त्यात गावातल्या प्रत्येक घराचं नाव येतं. रात्रीचं कीर्तन संपलं, लोक पांगले, आणि दोननंतरच्या पहाऱ्याला मी मंडपात गेलो तेव्हा वीणेकरी, एक मृदंगवाला आणि चार टाळकरी एवढेच उरले होते. वीणा धरलेले आजोबा मला बघून म्हणाले, ‘‘भाऊ, ईना धरा जरा. पायात गोळे आलेत.’’ पट्टा गळ्यात आला आणि मग पुढचे दोन तास मी नामाची लय सोडू शकत नव्हतो. ऐकायला कुणीही नव्हतं. समोर गुंडाळलेल्या सतरंज्या आणि झोपलेली दोन पोरं. तरी तिथं गाणं थांबवणं कुणालाही शक्य नव्हतं, कारण ते आमच्या सहा जणांवर उभं होतं.

चारच्या सुमाराला काकड्याला माणसं यायला लागली. बायका डोक्यावर पदर घेऊन ज्योती लावत होत्या. आणि तेव्हा चालकरी उठला. पस्तिशीतला माणूस, ऊसतोडीला जाणारा, हातावर पाचटाचे ओरखडे अजून ताजे. आळंदीला दोन वर्षं राहून आलेला, पुढं घरच्या ओढगस्तीनं कोयता हातात आलेला. त्यानं पहिलाच अभंग भूपाळीच्या वळणानं लावला, मग रामकलीकडं गेला. त्या वेळेचं गाणं, त्या वेळेला. धैवतावर तो ज्या सुबकपणे थांबायचा, तसं थांबणारे गळे मी मोठ्या मांडवांतही मोजकेच ऐकले आहेत. वारा बालाघाटाच्या माथ्यावरून थंड येत होता, तांबडं फुटायचं होतं, आणि तो प्रत्येक चरणाचा शेवट अर्धवट सोडून आमच्याकडं बघायचा. तो चरण आम्ही पुरा करायचा. नाही केला तर गाणं तिथंच लोंबकळलं असतं. कुणाच्या गळ्यात सूर होता, कुणाच्या नव्हता, त्यानं सगळ्यांचाच घेतला.

तोच माणूस कपिलधारच्या रात्री मी शोधत होतो, कारण शिवभजनातही तो दरवर्षी आवडीनं साथ धरतो. यंदा गळीत हंगाम 1 नोव्हेंबरला सुरू झाला. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची होती. पौर्णिमेला दिंड्या दरीत उतरत होत्या तेव्हा बायका-पोरं, भांडी आणि सरपण लादलेले ट्रक फाट्यावरून सोलापूरकडं वळत होते, त्यातल्याच एखाद्यात तो असणार. त्याची थोरली पोरगी बापाच्याच वळणाची गाते. शाळा बुडवून तीही सोबत गेली, कारण मागं तिला सांभाळायला कुणी नाही.

वाडीच्या सप्ताहाची तिथी ठरलेली आहे, ती हलत नाही. पण पहाऱ्यांची यादी करायला बसलेली माणसं आता आधी एकच चौकशी करतात, यंदा कारखाने कधी बंद होणार. काकड्याच्या चालकऱ्याचं नाव ते त्यानंतर लिहितात.