साक्षीदाराची सही

मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. हातगाडीवर फळं विकतात. म्हणाले, "सर, जरा देखो ना. ऑफिस में बोलते, ये कागज नहीं चलता."

पिशवीत शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलेली सौदाचिठ्ठी होती, 2011 सालची. दीड गुंठा जागा, म्हणजे साधारण 1,633 चौरस फूट. चतुःसीमा लिहिलेली, रक्कम अक्षरी आणि अंकी. पूर्ण पैसे दिले, ताबा मिळाला, घरही बांधलं. खाली दोन साक्षीदार. दुसरी सही माझी होती.

मला तो दिवस आठवला. प्लॉट पाडणारा माणूस ओळखीचा होता. "सर, तुमची सही असली की लोकांना भरोसा वाटतो," असं तो म्हणाला होता. मला त्याचं बरं वाटलं होतं. मी कागद वाचलाही नव्हता.

आमच्या देऊळगाव राजात, आणि एकीकडे जालन्यापर्यंत, दुसरीकडे चिखलीपर्यंत, रस्त्याकडेच्या शेतांचे प्लॉट असेच पडत गेले. चुना टाकून आखलेले, मधे मुरमाचा रस्ता, सातबाऱ्यावर मात्र अजून शेतच. अशा तुकड्याचं खरेदीखत सरळ होत नव्हतं. 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येत होता. शेत इतकं लहान होऊ नये की त्यात कुटुंबाचं पोट भरणार नाही, हा त्याचा हेतू होता. हेतू चांगलाच. 2023 मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. पण दीड गुंठा घेणाऱ्याला शेती करायचीच नव्हती, त्याला छप्पर हवं होतं. मंजूर लेआऊटमधला एन.ए. प्लॉट त्याला परवडत नव्हता. म्हणून स्टॅम्पपेपर.

आता दुसरी बाजू बघू. बांधकाम व्यावसायिकांची क्रेडाई ही संघटना 1999 पासून आहे. तिची राज्य शाखा आहे, शहराशहरांत शाखा आहेत. मुंबईत एमसीएचआय तर 1982 पासून आहे. जमिनीचा वापर, एफएसआय, प्रीमियम, मुद्रांक शुल्क, असा कुठलाही विषय निघाला की यांचं निवेदन तयार असतं. कोविडच्या काळात धंदा बसला तेव्हा त्यांनी सवलती मागितल्या. सप्टेंबर 2020 पासून मुद्रांक शुल्क पाचाचं दोन टक्के झालं. जानेवारी 2021 मध्ये सरकारने बांधकामाच्या प्रीमियममध्ये वर्षअखेरपर्यंत 50 टक्के सूट दिली. सूट घेणाऱ्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरावं, अशी अट सोबत होती.

हे सांगताना मला बिल्डरांना शिव्या द्यायच्या नाहीत. संघटना करणं, आकडे मांडणं, मंत्र्याला भेटणं हा त्यांचा हक्क आहे. प्रश्न आपला आहे. शहराचा विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी ठराविक मुदत असते. ज्याची संघटना आहे, त्याचा वकील नकाशा घेऊन बसतो. आपल्या मोहल्ल्यात ती नोटीस कोण वाचतं? ती मराठी पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. आपल्या घरात उर्दू वाचणारे आजोबा असतात, मोबाईल बघणारी मुलं असतात. निवडणुकीला उमेदवार आला की आपण शादीखाना मागतो, कब्रस्तानची भिंत मागतो. आराखड्यात आपली वस्ती पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवासी भागात, दाखवली आहे का, हे मीही कधी विचारलं नाही.

आता कायदा थोडा वळला आहे. 2025 मध्ये राज्य सरकारने शहरी आणि आराखड्यातल्या रहिवासी भागांतले असे जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याचा अध्यादेश काढला. ऑक्टोबर 2024 पर्यंतच्या व्यवहारांना तो लागू आहे, आणि नियमित करण्याचं शुल्कही नाही. बातमी आली तेव्हा मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली. पण ज्यांचं खरेदीखत नोंदवलेलं आहे, त्यांची वाट सोपी. ज्यांच्याकडे फक्त स्टॅम्पपेपर आहे, त्यांना आधी मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावा लागणार. दस्तावर विकणाऱ्याची सही लागते. या फळवाल्या भावाला जागा विकणारा वारला. त्याची मुलं म्हणतात, आजच्या भावाने फरक द्या, मग सही करू.

कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत सूरह बकराची 282 वी. ती नमाजाबद्दल नाही, रोजाबद्दलही नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफने लिहावं, साक्षीदाराने बोलावल्यावर नकार देऊ नये, याबद्दल ती आहे. मी ती कितीदा वाचली, कितीदा ऐकली. तरी स्वतः साक्षीदार झालो तेव्हा ती मला आठवली नाही. माझ्यासाठी सही म्हणजे ओळखीची मुरव्वत होती. त्या माणसासाठी मात्र ती भिंत होती, तिला टेकून त्याने घर बांधलं.

गेल्या दोन जुम्यांपासून नमाजनंतर आम्ही तिघं-चौघं एक दोनशे पानी वही घेऊन बसतो. कुणाचा कुठला गट नंबर, कागद कुठला, नोंदवलेला की नाही, विकणारा हयात आहे का, हे लिहून घेतो. ऑनलाइन सातबारा काढून त्याच्याशी ताडून बघतो. आतापर्यंत 41 घरं झाली. सगळ्यांचं मिळून एक निवेदन द्यायचं आहे, मराठीत, आकड्यांसह. उर्दूत त्याची प्रत मशिदीच्या फलकावर लावणार आहोत, म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते कळेल.

विकणाऱ्याच्या मुलांकडे मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला आणि विषय टाळला. दुसऱ्यांदा थोरला म्हणाला, "सर, तुम्हाला काय पडलंय?" मी पिशवीतला कागद काढला आणि माझी सही दाखवली. तो बराच वेळ बघत बसला. अजून हो म्हणाला नाही. येत्या इतवारी परत जाणार आहे.