पेठच्या डोंगरावर ज्वालामुखी पाहायला

दिवाळीची सुट्टी लागली आणि आमच्या धाकट्याने जाहीर केलं, "या वेळी जिवंत ज्वालामुखी बघायला जायचं." मोबाईलवर त्याने कुठल्या तरी देशातले लोक पाठीवर पिशव्या लावून लाल रसाच्या कडेने चालताना पाहिले होते. आम्ही समजावलं की आपल्या देशात जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. दीडशेहून अधिक वर्षं गप्प होतं, 1991 मध्ये पुन्हा जागं झालं. तिथे वस्ती नाही. जहाजातून लांबूनच पाहायचं, डोंगर चढायचं नावच नाही. आणि दोन शिक्षकांच्या पगारात पाच माणसांचं अंदमान कसं बसायचं, हा हिशेब मुलांसमोर मांडला नाही, पण थोरलीने तो मनात केला असावा. तीच म्हणाली, "पण आपण राहतो तो डोंगरच ज्वालामुखीचा आहे ना?"

मग ठरलं, कोथळीगड. कर्जतकडे सगळे त्याला पेठचा किल्लाच म्हणतात. आमचं घर खालापूर तालुक्यात, चौकच्या बाजूला. तिथून कर्जत, पुढे कशेळे आणि आंबिवली. आंबिवलीला गाडी ठेवली आणि सकाळी लवकर चालायला लागलो. दादी घरी राहिल्या, पण डबा त्यांनीच भरून दिला होता. भगिनींनो, लहान मुलं घेऊन जाणार असाल तर पाणी भरपूर घ्या आणि पावसाळा टाळा.

लांबून तो सुळका दिसला आणि धाकटा ओरडला, "ते बघा ज्वालामुखीचं तोंड!" खूप जणांची हीच समजूत असते. आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे, भूगोलाचं ज्ञान उसनं. तरी शाळेतल्या भूगोलाच्या सरांना विचारून तयारी केली होती. आपल्याकडे चित्रातल्यासारखा शंकूचा डोंगर फुटला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरला. थिजला, त्यावर पुन्हा पसरला. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूभाग या काळ्या दगडाखाली आहे. सुळका हे तोंड नव्हे. ऊन-पावसाने आजूबाजूचं सगळं झिजवून नेल्यावर मागे उरलेला तो तुकडा आहे.

धाकट्याचं तोंड उतरलं. "म्हणजे मेलेला."

पण वाटेत तो हळूहळू रमला. समोरच्या डोंगरांवर एकावर एक आडवे पट्टे दिसत होते. एकेक पट्टा म्हणजे लाव्ह्याचा एकेक पूर. शास्त्रज्ञ या खडकाला दख्खन ट्रॅप म्हणतात, आणि हा 'ट्रॅप' शब्द उत्तर युरोपातल्या भाषांतला, जिन्यावरून आलेला. एका ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मधे विटेसारखी लाल माती होती. दोन उद्रेकांच्या मधे बराच काळ गेला, तेवढ्यात दगडाची माती झाली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली गेली. थोरलीने त्यावर बोट फिरवलं, लाल झालं. भोकं भोकं असलेले दगडही सापडले. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे जिथे अडकले तिथे ती भोकं. काहींत पांढरे स्फटिक चमकत होते. धाकट्याने एक रिकाम्या भोकांचा दगड खिशात टाकला.

गडाची खरी गंमत वर आहे. सुळक्याच्या पायथ्याशी कोरीव खांबांची गुहा आणि तिच्या शेजारून थेट दगडाच्या पोटातून वर जाणारा जिना. बांधलेला नाही, खोदलेला. पायऱ्या उंच आहेत, दादींना नेलं नाही ते बरंच झालं. वरून भीमाशंकरची रांग आणि सिद्धगड पाहून धाकटा शेवटी म्हणाला, "एवढा सगळा लाव्हा?"

उतरताना पेठ गावात थांबलो. हे गाव सुळक्याच्या अगदी खाली, डोंगराच्या पायरीवर वसलंय. एका घराच्या ओट्यावर डबा सोडला. घरातल्या मावशींनी माठातलं पाणी दिलं, जुहरच्या नमाजसाठी अंगण झाडून दिलं. पोरगं मान वर करून सुळक्याकडे बघत होतं. एकदम म्हणालं, "मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत? आमच्याकडे इर्शाळवाडी..."

आम्ही त्याला गप्प करणार होतो. मावशी म्हणाल्या, "असू दे बाई, इचारू दे. पाऊस रात्री धो धो लागला का मी जागीच असते."

इर्शाळगड आमच्या घरापासून रोज दिसतो. फार वर्षांपूर्वी शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर चढलो होतो, तेव्हा त्या वाडीत असंच पाणी प्यालो होतो. 19 जुलै 2023 च्या रात्री मुसळधार पावसात वरचा उतार वाडीवर आला. वर गाडीरस्ता नव्हता, मोठी यंत्रं जाईनात. माणसं पावसात पायी चढून हातांनी माती उपसत होती. 27 मृतदेह मिळाले. 57 जण सापडलेच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला.

त्यानंतर वर्गात मुलांनी विचारलं होतं, बाई, आपला दगड तर सगळ्यात टणक ना, मग डोंगर कसा पडला? तेव्हा आम्ही नीट उत्तर दिलं नव्हतं, धडा पुढे नेला. ते मनात राहिलं. पेठच्या ओट्यावर धाकट्याला जमेल तसं सांगितलं: कातळ टणकच आहे, पण त्याच्या अंगावर माती आणि सुटे दगड असतात. उभ्या उतारावर पाणी त्यात मुरत गेलं की ती माती जड होते, धरून राहत नाही. मावशी ऐकत होत्या. "पानी मुरतं, हा," एवढंच म्हणाल्या, आणि निघताना थोरलीच्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या.

घरी आल्यावर धाकट्याने दगड दादींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून उलटासुलटा केला. "हा तर मदिन्याचा दगड," म्हणाल्या. हजच्या वेळी त्यांनी शहराबाहेर असेच काळे, भोकांचे दगड पाहिले होते. ते खरंच आहे. मदिन्याच्या आजूबाजूला लाव्ह्याची काळी मैदानं आहेत, त्यांना 'हर्रा' म्हणतात. तिथला शेवटचा उद्रेक हिजरी 654 चा, म्हणजे इसवी सन 1256 चा. 52 दिवस तो चालला, लाव्हा शहराच्या दिशेने सरकला आणि अलीकडेच थांबला.

"म्हणजे तो जिवंत आहे?" धाकट्याचे डोळे चमकले. दादी म्हणाल्या, "ते अल्लाहला माहीत. तू आधी हात धू."

हात धुऊन त्याने तो दगड पाण्याच्या काचेच्या ग्लासात टाकला. भोकांतून बारीक बुडबुडे वर येऊ लागले. जेवण होईपर्यंत येतच होते.