वेंगुर्ल्याच्या समुद्रात एक चैत्रसकाळ

आंबोली घाटाच्या वाटेने वेंगुर्ले बंदर आणि बेळगाव यांचे जुने नाते आहे. आपण तिथली डच वखार पाहतो, माशांचे ताट जेवतो आणि परततो. चैत्रात मात्र एकदा सहकुटुंब होडीतून गरवायला जावे. दुपारी वारा उठतो, म्हणून सकाळीच निघावे.

यंदा आमची तीन बिऱ्हाडे एका होडीत होती. खडपाजवळ तांडेलमामांनी नांगर टाकला. नायलॉनची दोरी, शिशाचे वजन आणि गरीला कोळंबीचा तुकडा, एवढाच सरंजाम. दोरी बोटावर धरायची, ओढ जाणवली की झटका द्यायचा. तांबोशी, गोबरा खडकांच्या आसऱ्याला राहतात. ती जागा अचूक ओळखण्यातच खरे कसब.

दोन तासांनी आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांना पहिला मासा लागला. तळहाताएवढी तांबोशी! आजीला दाखवायला त्याने ती उचलली, तोच मामा म्हणाले, "बाबू, लहान आसा, सोड तिका. वाडली की परत गावतली."

त्याचे डोळे भरून आले. कोणीच काही बोलले नाही. मग त्याने स्वतःच ती पाण्यात सोडली.

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पण ताटात लहान मासा मागणारे आपणच असतो. बाजारात टोपलीपुढे उभे राहिल्यावर तांडेलमामांचे हे शब्द आपणही आठवायला हवेत.