मंडळाची डबी

अकोल्यात आमच्या चर्चच्या महिला मंडळाची डबी माझ्याकडे असते. नाताळाच्या तोंडावर एक साडी मनात भरली आणि डबीतले पाचशे रुपये मी ‘उसने’ घेतले. पगार होताच परत ठेवलेही. हिशेब चोख! पण येशूच्या शिष्यांची थैली यहूदाकडेच असायची, हे आठवलं नि घास उतरेना.

आपल्या अमरावतीकडचे गाडगेबाबा बघा. लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. अंगावर मात्र चिंध्याच. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊनही टाकली. आणि मला एक साडी सुटेना!

रविवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आमच्यातल्या थोरल्या मावशी एवढंच म्हणाल्या, “डबी राहू दे तुझ्याकडेच बाई, किल्ली मात्र माझ्याकडे दे.”