मुस्तहिक कोण?

रमजानच्या आधी, शाबान महिन्यात, आमच्या जमातीची जकातीची वही उघडली जाते. कोकणात खाडीकाठी मुस्लिमांची जी गावे आहेत, त्यांपैकी बऱ्याच गावांत जमातीची अशी एखादी समिती असते. मशिदीचा जमाखर्च, कब्रस्तानची डागडुजी, लग्नकार्याची भांडी आणि गोरगरिबांची मदत ही कामे तीच पाहते. यांतील मदतीच्या अर्जांची छाननी गेल्या काही वर्षांत आम्हा उर्दू शाळेच्या शिक्षकांकडे आली आहे. वडीलधारी मंडळी म्हणतात, "मास्तर लोकांना लिहिता येतं, आणि घरोघरची पोरं त्यांच्याकडंच असतात." त्यात खोटे काही नाही. कोणाच्या घरची चूल मंदावली आहे, हे पोराच्या डब्यावरून आम्हाला समितीच्या आधी कळते.

अर्ज भरून घेण्याची सवय आम्हाला सरकारनेही लावली आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला आणि २००८ मध्ये अल्पसंख्याक मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाली. पालकांचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत हवे, अशी तिची अट. २०२२ मध्ये ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी बंद करण्यात आली आणि वह्या-पुस्तकांसाठी जमातीकडे येणारे अर्ज वाढले. सरकार कागद पाहत होते. जमात घर पाहते. घर पाहून तरी खरी गरज कळते का, हा प्रश्न आम्हाला दर शाबानमध्ये पडतो.

आमच्याकडे चालत आलेला फॉर्म एका पानाचा होता. नाव, घरातील माणसे, कमावते किती, घर कच्चे की पक्के, सोने आहे का, फ्रीज आहे का, परदेशात कोण आहे. फॉर्म वाईट हेतूने केलेला नव्हता. दुबई-कतारहून जकात पाठवणारा हिशेब मागतो आणि तो मागण्याचा त्याला हक्क आहे. लबाडी करणारेही असतात. तीन गावांच्या जमातींकडे एकाच आजारपणाची चिठ्ठी दाखवून पैसे उचलणारा इसम आम्ही पाहिला आहे. त्याला मिळालेली रक्कम कोणा विधवेच्या वाट्याची होती. तेव्हा तपासणी नकोच, असे आमचे म्हणणे नाही. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्या लगेच पाठोपाठ जकात गोळा करणाऱ्या आमिलांचे नाव येते. ज्या कामाला जकातीतूनच मोबदला ठरवून दिला आहे, ते काम फावल्या वेळी, अंदाजपंचे करण्याचे असूच शकत नाही.

अडचण आहे ती कोणते प्रश्न विचारायचे याची. कोकणात फसगत होते ती घरामुळे. आखातातल्या किंवा जहाजावरच्या पंधरा-वीस वर्षांच्या कमाईतून माणूस गावी दुमजली घर बांधतो. नोकरी गेली की घर उभेच राहते. २०२० साली कोरोनात आखातातून परतलेल्या एका गृहस्थांच्या फाटकापर्यंत जाऊन समितीची मंडळी मागे फिरली होती. जिन्याला संगमरवर होता, मग अर्ज कसला? त्यांचा मुलगा आमच्या वर्गात होता. एकदा वहीवर सही घेण्याच्या निमित्ताने आम्ही मागच्या दाराने गेलो, तेव्हा पडवीत तीन दगडांची चूल मांडलेली दिसली. गॅसची टाकी कधीच संपली होती. भाभींनी चहा केला, तो कोरा होता. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, "सर, नाव लिवू नका. लोक काय म्हणतील?"

सूरह बकराच्या २७३व्या आयतीत अशाच माणसांचे वर्णन आहे. ते मागत नाहीत म्हणून अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. हदीसमध्येही आहे की, घास-दोन घासांसाठी दारोदार फिरणारा तो खरा मिस्कीन नव्हे. ज्याचे भागत नाही, पण ज्याची कोणाला ओळखही पटत नाही, तो खरा मिस्कीन. आम्ही हे वाजमध्ये कितीदा ऐकतो! पण आमचा फॉर्म मात्र जो मागायला येतो, त्याच्यासाठीच छापलेला असतो.

बंगल्याचा प्रश्न आम्ही पुढे आलिमांना विचारला आणि आमचाच मसलक आम्हाला नीट ठाऊक नव्हता, असे समितीतल्या अनेकांना जाणवले. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. घाटावरून येऊन गावात स्थायिक झालेली कुटुंबे बहुधा हनफी. हनफी फिकहमध्ये गरजेचे मोजमाप निसाबावर आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा त्या किमतीची रोख वा गरजेबाहेरची मालमत्ता ज्याच्याकडे नाही, तो जकात घेऊ शकतो. राहते घर, अंगावरचे कपडे, धंद्याची हत्यारे यांत धरत नाहीत आणि कर्ज वजा होते. या दोन वजनांतच सोने आणि चांदी यांचे एकास सात असे प्रमाण आहे. आज बाजारात ते सातच्या कितीतरी पुढे गेले आहे. त्यामुळे चांदीचा निसाब धरला तर थोडीशी चीजवस्तू असलेली बाईही यादीबाहेर जाते, आणि सोन्याचा धरला तर खाऊनपिऊन सुखी माणूसही आत येतो.

शाफई फिकह मात्र निसाब न पाहता किफायत पाहते. म्हणजे त्या माणसाचे, त्याच्या पोष्यांसह, भागते का? ज्याला दहा लागतात आणि दोनच मिळतात तो फकीर. ज्याला दहा लागतात आणि सात-आठ मिळतात तो मिस्कीन. राहत्या घरामुळे माणूस गरिबीतून बाहेर पडत नाही. उलट, धडधाकट असून साजेसे काम मिळत असताना जो बसून राहतो, त्याला हक्क नाही. मोजण्याच्या रीती वेगळ्या असल्या तरी एक गोष्ट दोन्हींत समान आहे. राहत्या घराच्या भिंतीकडे बघून निकाल देण्याची मुभा कोणीच दिलेली नाही.

फॉर्ममध्ये दुसरी उणीव होती ती कर्जाची. सोने आहे का, असे विचारले की बाई खरे सांगते, 'आहे.' ते तीन वर्षे बँकेत तारण पडले आहे, हे विचारणारा रकाना नाही. बचत गटाचा हप्ता, फायनान्सवाल्याचा दर आठवड्याचा हप्ता, दुकानाची उधारी, मुंबईच्या इस्पितळासाठी नातलगांकडून घेतलेले हातउसने, यांतले काहीच कागदावर येत नाही. वास्तविक आठ हकदारांत 'गारिमीन', म्हणजे कर्जात बुडालेले, हा स्वतंत्र वर्ग आहे. महिना बारा हजार मिळवून नऊ हजार हप्त्यांत घालणारा बाप उत्पन्नाच्या रकान्यात ठीकठाक दिसतो आणि त्याची मुलगी सहलीच्या दिवशी 'आजारी' पडते.

तपासणी कोणी आणि कशी करावी, याचाही दाखला आपल्याकडे आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत कबीसा (रजि.) यांची हदीस आहे. मागणे तिघांनाच रास्त आहे: दुसऱ्यांसाठी जामीन राहून भार अंगावर घेतलेला, आपत्तीत मालमत्ता गमावलेला, आणि उपासमारीत सापडलेला. या तिसऱ्याबद्दल त्याच्याच लोकांतल्या तीन समंजस माणसांनी साक्ष द्यावी. म्हणजे गरीब माणसाने पुरावे गोळा करत फिरायचे नाही. त्याला ओळखणाऱ्यांनी सांगायचे. अबू दाऊदमध्ये दुसरा प्रसंग आहे. अखेरच्या हजच्या वेळी सदका वाटप चालू असताना दोन सशक्त माणसे मागायला आली. हुजूर (स.) यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि सांगितले की तुमची इच्छा असेल तर देतो, पण श्रीमंताचा आणि कमावण्याची ताकद असलेल्याचा यात वाटा नाही. चारचौघांत उलटतपासणी केली नाही. हुकूम सांगितला आणि निर्णय त्यांच्या ईमानावर सोडला.

याच्या अगदी उलट प्रकार आम्ही चिपळूणच्या पुरानंतर पाहिला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि बाजारपेठेतली दुकाने मालासकट गेली. आमच्या आसपासच्या गावांतले अनेकजण त्याच बाजारात पोट भरणारे. कालपर्यंत जकात देणारी माणसे एका रात्रीत घेणारी झाली. त्या दिवसांत मदतीला धावून आलेल्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. जात-धर्म न पाहता लोकांनी एकमेकांच्या घरातला चिखल उपसला. पण एका मोठ्या शहरातल्या संस्थेने मैदानात कापडी फलक लावला, लाऊडस्पीकरवर एकेकाचे नाव पुकारले आणि प्रत्येकाला किट हातात धरून फोटोला उभे केले. आमच्या नववीतल्या एका मुलीचे अब्बा, तयार कपड्यांचे छोटे दुकानदार, नाव पुकारल्यावर पुढे गेले. फोटोवाल्याने "जरा इकडं बघा" म्हटले, तसे त्यांनी किट खाली ठेवले आणि ते निघून गेले. मुलीच्या वर्गातली मुले तिथेच होती. ती मुलगी त्यानंतर शाळेत आली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचा मामा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला. तो आम्ही लिहून दिला. चारशे-पाचशे रुपयांच्या शिध्यासाठी एका हुशार मुलीची शाळा सुटली, हे त्या संस्थेच्या अहवालात कुठेच नसणार.

त्यानंतर आमच्या समितीत बरीच वादावादी झाली. शेवटी काही गोष्टी ठरल्या. अर्ज येण्याची वाट पाहायची नाही. प्रत्येक मोहल्ल्यातल्या तीन जाणत्या माणसांनी, त्यांत एक तरी बाई हवीच, शाबानच्या आधी नावे सांगायची. घरात जाऊन कपाटे-फ्रीज बघायचे नाहीत. महिन्याला लागते किती, येते किती आणि देणे किती, हे तीनच प्रश्न. यादी तीन माणसांपलीकडे जाणार नाही. रक्कम देणाऱ्यांना आकडे कळतील, नावे नाहीत. फोटो नाही. शाळेची फी शाळेत, औषधांचे पैसे औषधांच्या दुकानात, आणि बाकीचे घरच्या बाईच्या खात्यात.

सर्वांत कठीण गेला तो किती द्यायचे हा मुद्दा. सगळ्यांना थोडे थोडे वाटले की कोणी रागावत नाही. पण कोणाचे भागतही नाही. इमाम नववी यांनी लिहून ठेवले आहे की कारागिराला त्याच्या धंद्याची हत्यारे घेता येतील इतके द्यावे, मग त्यांची किंमत थोडी असो वा जास्त. खाडीत मासेमारी करणाऱ्या एका चाचांना आम्ही कित्येक रमजान दोन-दोन हजार देत होतो. एका वर्षी काही घरांची समजूत घालून त्यांना नवे जाळे घेऊन दिले. दुसऱ्या वर्षी त्यांचे नाव यादीत नव्हते. तिसऱ्या वर्षी आजारपणामुळे पुन्हा आले, हेही सांगायला हवे. एका जाळ्याने माणसाची सगळी संकटे मिटत नाहीत. पण मधले एक वर्ष त्यांनी ईदला स्वतःचा फित्रा स्वतः काढला. तो समितीत आणून देताना त्यांनी तांदूळ दोनदा मोजून घ्यायला लावला होता.

तुमच्या गावात, मोहल्ल्यातही अशी वही असेल. येत्या शाबानला ती उघडाल तेव्हा गेल्या वर्षीची नावे तशीच उतरवून काढू नका. कोणाचे देणे वाढले आहे, कोणाचा मुलगा परदेशातून परत आला आहे, कोणाच्या मुलीच्या शाळेतल्या गैरहजेऱ्या वाढल्या आहेत, हे आधी विचारा. गैरहजेरीचे पुस्तक आमच्यासारख्या शिक्षकांकडे असते. ते पाहायला कोणी येत नाही. आले तर आम्ही जरूर दाखवू.